नुसता तेलाचा हात

शुक्रवारी दुपारी स्पिंडल थांबतात, दिवे विझतात, शटर खाली येतं. आग्नेय मेलबर्नमधल्या डँडेनाँगसारख्या कारखानदारीच्या भागात अशा शेड रस्त्याच्या दुतर्फा दिसतात. आत दोन-चार सीएनसी मशीनं, सात-आठ माणसं आणि कोपऱ्यात तेलाची पिंपं. पुढचे दोन दिवस मशीनखालच्या टाकीत कूलंट निपचित पडून राहतं. स्लाइडवरून ओघळलेलं तेल त्याच्यावर सायीसारखं पसरतं, सायीखाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू तिथे जोमाने वाढतात. कूलंटमधल्या सल्फेटवर ते जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सोमवारी सकाळी पंपाचं बटण दाबलं की साय फुटते आणि शेडभर सडक्या अंड्यांचा वास पसरतो. तिथले कारागीर त्याला ‘सोमवार सकाळचा वास’ असंच म्हणतात. त्याला नाव पडावं इतका तो अंगवळणी पडला आहे. भोसरीतल्या किंवा शिरोलीतल्या टर्नरलाही तो समजावून सांगावा लागणार नाही.

कूलंट म्हणजे दिसायला दुधासारखं पाणी. त्यात शंभरातले नव्वद-पंचाण्णव भाग पाणी असतं. उरलेल्यात तेल, ते पाण्यात मिसळून ठेवणारं साबणासारखं द्रव्य, गंज रोखणारी रसायनं आणि जीवाणू मारणारी औषधं. मध्यम आकाराच्या मशीनिंग सेंटरच्या टाकीत ते दोनशे ते चारशे लिटर मावतं आणि पंप ते मिनिटाला वीस, पन्नास, कधी शंभर लिटरच्या हिशोबाने टूलवर ओततो. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. किमान वंगणाच्या पद्धतीत, म्हणजे कारखान्यात जिला एमक्यूएल म्हणतात तिच्यात, दाबलेल्या हवेच्या झोतातून टूलच्या धारेवर तासाला साधारण पन्नास मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी तेल पोचतं. आठ तासांच्या पाळीला चारशे मिलिलिटर. तेही परत गोळा करायचं नसतं. कापताना ते जवळजवळ सगळं खर्ची पडतं आणि चिप, म्हणजे धातूचा सुटलेला कीस, कोरडी निघते.

कोकणात घावन घालणारी बाई तव्यावर तेल ओतत नाही. कांदा अर्धा चिरून ती काट्याला टोचते, तेलात बुडवते आणि तापलेल्या बिडाच्या तव्यावरून फिरवते. घावन सुटायला तेवढं पुरतं, कारण तेल हवं असतं ते पीठ आणि तवा जिथे एकमेकांना भिडतात त्या पातळशा जागेत. कूलंटचा पूर आणि एमक्यूएल यांच्यात नेमका हाच फरक आहे.

ही पद्धत नवी नाही. १९९७ मध्ये जर्मनीतल्या आखेनचे फ्रिट्झ क्लोके आणि त्यांचे सहकारी आयझेनब्लेटर यांनी कोरड्या कापणीवर मोठा आढावा लिहिला, त्याला आता पाव शतक उलटून गेलं. ऑस्ट्रेलियात पर्थपासून ब्रिस्बेनपर्यंतच्या विद्यापीठांनी त्यावर चांगलं काम केलं आहे. तरीही शेडमध्ये पांढरा पूर चालूच आहे. त्याचं खापर कारागिरांच्या हट्टावर फोडणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. एमक्यूएलची बाजू भक्कम आहे. तिची वकिली मात्र चुकीच्या मुद्द्यांवर होते. पाणी वाचतं, तेल वाचतं, पृथ्वी वाचते असं सांगितलं जातं. कारखानदार आकडेमोड करतो, त्याला त्यात दम दिसत नाही आणि तो पाठ फिरवतो.

पाण्याचाच मुद्दा घेऊ, कारण ऑस्ट्रेलियात तो मनाला फार लवकर भिडतो. शतकाच्या वळणावर आग्नेय ऑस्ट्रेलियाने जो प्रदीर्घ दुष्काळ भोगला, तो २००९ पर्यंत रेंगाळला. २००८ मध्ये मेलबर्नच्या नागरिकांपुढे माणशी दिवसाला १५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. पर्थमध्ये तर धरणांत येणारं पाणी १९७० च्या दशकापासूनच आटत गेलं आणि २००६ मध्ये क्विनाना इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू करावा लागला. अशा देशात मिनिटाला पन्नास लिटर पाणी ओतणारं मशीन बघून कुणालाही वाटेल की इथेच पाणी वाया जातंय.

पण ते पाणी फिरत असतं, वाहून जात नाही. तीनशे लिटरच्या टाकीत बाष्पीभवनाने आणि चिपांना चिकटून दिवसाकाठी पाच-दहा टक्के घट होते, म्हणजे पंधरा ते तीस लिटर. एका माणसाच्या आंघोळीइतकं. अमेरिकेत फोर्ड कंपनीने एमक्यूएलचा गाजावाजा केला तेव्हा एका उत्पादन लाईनमागे वर्षाला सुमारे २,८०,००० गॅलन, म्हणजे साडेदहा लाख लिटर पाणी वाचतं असं सांगितलं. आकडा डोळ्यांत भरतो. मेलबर्नच्या १५५ लिटरच्या मापाने तो मोजला, तर जेमतेम १९ माणसांचं वर्षाचं पाणी होतं. आणि ही बचत मोटारीचे भाग हजारांनी काढणाऱ्या अख्ख्या लाईनची आहे, डँडेनाँगच्या चार मशीनांची नव्हे. पाणी वाचवण्यासाठी एमक्यूएल लावा असं कुणी सांगितलं, तर शेडमालकाने त्याला गळका नळ दाखवावा.

खरा प्रश्न त्या पाण्याचं काय होतं हा आहे. महिन्या-दोन महिन्यांनी, काही ठिकाणी वर्षाने, टाकीतलं कूलंट मरतं. ते आंबतं, त्याचा सामू घसरतो, तेल आणि पाणी वेगळं व्हायला लागतं. मग तीनशे लिटरमधलं वीस-तीस लिटर तेल उरलेल्या पाण्यालाही आपल्याबरोबर घेऊन बुडतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वर्गवारीत या द्रवाला स्वतःचा क्रमांक आहे, जे-१२०: तेल-पाण्याची मिश्रणं आणि इमल्शनं. नियंत्रित घातक कचऱ्याच्या यादीत तो येतो. गटारात तो सोडता येत नाही. सोडायचाच तर आधी प्रक्रिया करावी लागते आणि पाणीपुरवठा कंपनीशी औद्योगिक सांडपाण्याचा करार लागतो. बहुतेक लहान शेड टँकर बोलावतात, पैसे भरतात आणि पावती फाइलला लावतात. व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै २०२१ पासून नवा पर्यावरण कायदा लागू झाला, आणि प्रदूषणाचा धोका आधीच ओळखून टाळणं हे प्रत्येक उद्योगाचं सर्वसाधारण कर्तव्य ठरलं. वापरलेल्या तेलासाठी त्या देशात २००१ पासून चांगली योजना आहे: तेलाच्या प्रत्येक लिटरवर कर बसतो आणि ते शुद्ध करून परत वापरात आणणाऱ्याला अनुदान मिळतं. पण ज्या द्रवात दहातले नऊ भाग पाणीच आहे, त्यातून तेल काढण्यात फारसं हशील नसतं. एमक्यूएलची पहिली खरी बाजू इथे आहे. तिच्यात मरायला टाकीच नसते.

दुसरी बाजू माणसाच्या अंगाशी आहे, आणि ती पैशाच्या हिशोबाच्याही आधी मांडायला हवी. कूलंटमध्ये दिवसभर हात घालणाऱ्या कारागिराच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी लाल होते, तडकते, सोलते. त्यातले जीवाणू मारायला जी औषधं टाकतात, त्यांतली काही स्वतःच ॲलर्जी आणतात. मेथिलआयसोथायझोलिनोन हे त्यातलं एक नाव. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ चं ‘वर्षाचं ॲलर्जन’ म्हणून तेच निवडलं होतं. कातडीचा त्रास निदान दिसतो. फुप्फुसाचा दिसत नाही. वेगाने फिरणाऱ्या टूलवर आपटून कूलंटचं धुकं होतं आणि त्या धुक्यातून जीवाणूंचे अंशही श्वासात जातात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एका मोटार-इंजिन कारखान्यात २००३-०४ च्या सुमाराला कामगारांना दमा आणि फुप्फुसदाह होऊ लागला. सुरुवातीला मोजके रुग्ण होते. तपास झाला तेव्हा आजारी माणसांची संख्या कित्येक डझनांवर गेली. बोट ठेवलं गेलं ते मशीनमधल्या पाणीमिश्रित द्रवावर.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाचा नियम फार ढिला राहिला आहे. शुद्ध केलेल्या खनिज तेलाच्या धुक्यासाठी तिथली मर्यादा वर्षानुवर्षं घनमीटरमागे पाच मिलिग्रॅम अशी आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ मध्येच धातुकामाच्या द्रवांसाठी छातीपर्यंत पोचणाऱ्या कणांची मर्यादा ०.४ मिलिग्रॅम असावी अशी शिफारस केली. दोन्ही मापं अगदी एकाच गोष्टीची नाहीत, तरी अंतर दसपटीहून जास्त आहे. आणि इथेच एमक्यूएलच्या भक्तांनाही थांबवायला हवं. कमी तेल म्हणजे कमी धुकं, हे आपोआप होत नाही. एमक्यूएल मुळातच तेलाचा फवारा आहे. त्याचे थेंब इतके बारीक असतात की ते खाली बसत नाहीत, हवेत तरंगतात. मशीनला बंद दार नसेल आणि धुकं ओढून घेणारा पंखा नसेल, तर टाकीतला जीवाणू घालवून कारागिराच्या छातीत तेल भरल्यासारखं होईल. उघड्या जुन्या मिलिंग मशीनवर चुंबकाने नोझल चिकटवून ‘आम्ही हरित झालो’ म्हणणं हा सरळ अपराध आहे.

मग पैशाचं काय? जर्मन मोटार उद्योगातल्या १९९० च्या दशकातल्या हिशोबांचा एक निष्कर्ष या क्षेत्रात सतत सांगितला जातो: भाग तयार करण्याच्या खर्चात कूलंट आणि त्याच्या मागचा पसारा ७ ते १७ टक्के, तर टूलचा खर्च फक्त २ ते ४ टक्के. हा आकडा खरा, पण तो मध्यवर्ती टाक्या, गाळण्या आणि भूमिगत नळ्या असलेल्या अवाढव्य कारखान्यांचा आहे. चार मशीनांच्या शेडला तो जसाच्या तसा लावणं चूक. शेडमधला कूलंटचा खर्च विखुरलेला असतो: द्रवाचं पिंप एका बिलात, टँकर दुसऱ्यात, शनिवारी टाकी घासणाऱ्या पोऱ्याचा ओव्हरटाइम पगारात, पंपाची वीज वीजबिलात. एकत्र बेरीज कुणी करतच नाही, म्हणून तो खर्च कुणाला जाणवत नाही. टूलचा खर्च मात्र दर आठवड्याला डोळ्यांसमोर असतो, कारण इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायच्या धारदार तुकड्यांची, डबी रिकामी झाली की नवी मागवावी लागते. म्हणून कारखानदार इन्सर्ट वाचवायला कूलंट ओततो. उलटा विचार करायला आधी बेरीज हवी.

विजेचा हिशोब सगळ्यात उद्बोधक आहे आणि तो सिडनीत झाला. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले सामी कारा आणि वेन ली यांनी लेथ आणि मिलिंग मशीनवर कोरड्या आणि ओल्या कापणीत प्रत्यक्ष वीज मोजली आणि २०११ मध्ये एक साधं समीकरण मांडलं. एक घन सेंटिमीटर धातू काढायला किती वीज लागते? एक ठरलेला आकडा, अधिक दुसरा एक आकडा भागिले धातू काढण्याचा वेग. बस्स. या दुसऱ्या पदात सगळं मर्म आहे. मशीन चालू झालं की पंखे, पंप, कंट्रोलर, हायड्रॉलिक हे सगळं वीज खातच राहतं, टूल धातूला लागो वा न लागो. अमेरिकेत एमआयटीचे टिमोथी गुटोव्स्की यांनी २००६ मध्ये एका मोटार कारखान्याच्या मशीनिंग लाईनचा हिशोब मांडला तेव्हा प्रत्यक्ष कापण्याला लागणारी वीज जास्तीत जास्त १५ टक्क्यांच्या आत भरली. बाकीची नुसती मशीन जागं ठेवायला. मोठा वाटा कूलंट आणि त्याच्या पंपांचा.

पहिल्या नजरेला हा एमक्यूएलचा विजय वाटतो: पंप बंद, वीज वाचली. पण समीकरण परत वाचावं. एमक्यूएलवर टूल तापतंय म्हणून कारागिराने फीड, म्हणजे टूल पुढे सरकवण्याचा वेग, एक तृतीयांशाने कमी केला, तर त्या दुसऱ्या पदातली वीज दीडपट होते. पंपाची बचत तिथेच वाहून जाऊ शकते. त्यात दाबलेली हवा फुकट मिळत नाही. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा साधारण दहावा हिस्सा कामाला येतो, बाकीची उष्णता होते. शेडमधल्या हवेच्या नळ्यांतून सूं-सूं आवाज येत असेल, तर एमक्यूएल लावण्याआधी त्या नळ्या बदलाव्यात. थोडक्यात, सिडनीच्या समीकरणाचा निकाल असा: ज्या जॉबवर वेग तसाच ठेवून किंवा वाढवून पूर बंद करता येतो, तिथेच एमक्यूएल टिकाऊ. जिथे वेग पडतो, तिथे ती हरित पद्धत उरत नाही.

वेग पडतो तो कुठे? सर्वात आधी टायटॅनियमवर. ऑस्ट्रेलियाला या धातूचं वेड लागायला कारण आहे: एफ-३५ लढाऊ विमानाच्या उभ्या शेपटीचं काम तिथे होतं आणि त्यासाठी टायटॅनियम कापणारे कारखाने मेलबर्न आणि ॲडलेडमध्ये उभे राहिले. विमानात वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची उष्णता वाहण्याची क्षमता साध्या पोलादाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास आहे. पोलाद कापताना बरीचशी उष्णता चिपेबरोबर निघून जाते. टायटॅनियममध्ये ती टूलच्या धारेवरच ठाण मांडून बसते. तिथे तेलाचा हात पुरत नाही. सुरेश पलानीसामी, स्टुअर्ट मॅक्डोनाल्ड आणि क्वीन्सलंड विद्यापीठाचे मॅथ्यू डार्गश यांनी २००९ मध्ये दाखवलं की कूलंटचा दाब ६ बारवरून ९० बारवर नेला, तर टायटॅनियमच्या टर्निंगमध्ये टूलचं आयुष्य सुमारे तिप्पट होतं. हा शोध एमक्यूएलच्या बरोबर उलट्या दिशेचा आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. तिप्पट टिकणारं टूल म्हणजे टंग्स्टन आणि कोबाल्टच्या खाणींवरचा ताणही तेवढाच कमी.

पण त्याच गटातून तिसरी वाट निघाली. शौजिन सन, मिलन ब्रँट आणि डार्गश यांनी २०१० मध्ये दाबलेली हवा द्रवरूप नायट्रोजनने गार करून टायटॅनियमवर सोडली. पाणी नाही, तेलाचा पूर नाही, तरी कोरड्या कापणीपेक्षा टूलची झीज कमी. पर्थच्या कर्टिन विद्यापीठात ब्रायन बॉसवेल यांचा प्रवासही हवेपासूनच सुरू झाला. गार हवेने टूल थंड ठेवता येतं का, यावर त्यांनी तिथे अभ्यास केला आणि त्यासाठी भोवऱ्याची नळी वापरली. रांक या फ्रेंच माणसाने १९३० च्या दशकात शोधलेलं आणि हिल्श या जर्मनाने पुढे सुधारलेलं हे अजब साधन आहे. दाबलेली हवा नळीत गरगर फिरते, एका टोकाने गरम होऊन बाहेर पडते आणि दुसऱ्या टोकाने बर्फासारखी गार. आत एकही हलता भाग नाही. पुढे बॉसवेल आणि मोहम्मद नझरुल इस्लाम यांनी ॲल्युमिनियमच्या एंड मिलिंगवर किमान वंगण चालेल का, हे २०१२ मध्ये तपासलं, आणि २०१७ मध्ये सहकाऱ्यांसह जगभरच्या एमक्यूएल संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. तो वाचताना एक गोष्ट ठसते. एमक्यूएल वंगण उत्तम करते, थंड करण्यात ती दुबळी आहे. कठीण धातूंवर तिला गार हवेची किंवा तशाच कशाची तरी जोड लागते.

कारण पूर तीन कामं करतो: धार गार ठेवतो, घर्षण कमी करतो, चिपा वाहून नेतो. तेलाचा हात त्यातलं एकच करतो. उरलेल्या दोन कामांची सोय टूलमध्ये, मशीनमध्ये आणि कारागिराच्या डोक्यात करावी लागते. टूलच्या पोटातून हवा-तेल जाण्यासाठी भोकं लागतात. फ्लूट, म्हणजे टूलवरची चिप बाहेर काढणारी खाच, चकचकीत घासलेली लागते, म्हणजे चिप अडकत नाही. मशीनचा तळ उतरता लागतो, नाहीतर गरम चिपांचा ढीग टेबलावर साचून जॉब तापवतो. अर्धा मीटर लांब ॲल्युमिनियमचा भाग दहा अंशांनी तापला, तर तो ११५ मायक्रॉनने लांबतो. ज्या बोअरला वीस मायक्रॉनची मुभा आहे, तिथे हा फरक म्हणजे जॉब भंगारात. संध्याकाळी मापात बसलेला तुकडा सकाळी लहान भरतो, तो असा.

उलट काही ठिकाणी पूर मुळातच घातक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एफ. डब्ल्यू. टेलर यांनी अमेरिकेतल्या मिडव्हेल स्टीलमध्ये १८८० च्या दशकात प्रयोग करून दाखवलं, की टूलच्या नाकावर पाण्याची जाड धार सोडली तर कापण्याचा वेग तीस-चाळीस टक्के वाढवता येतो. १९०६ मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडलं आणि कारखान्यांत पूर रुळला. पण टेलर यांनी सुरुवात केली तेव्हाची टूलं कार्बन स्टीलची होती. ती अडीचशे अंशांच्या आसपास मऊ पडत. आजचा लेप दिलेला कार्बाइड इन्सर्ट आठशे-नऊशे अंशांवरही धार टिकवतो. पोलादाच्या मिलिंगमध्ये त्याचा दात क्षणात धातूत शिरतो, क्षणात बाहेर येतो. आत तापतो आणि बाहेर येताच कूलंटच्या धारेने विझतो. तापल्या काचेच्या पेल्यावर गार पाणी ओतावं तसं मिनिटाला शेकडो वेळा होतं आणि धारेला कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या भेगा पडतात. तिथे कोरडं कापणं किंवा तेलाचा हात हेच योग्य. एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या टूलसाठी बरोबर असलेली सवय आजच्या टूलवर लादली जाते आहे.

इतकं सगळं माहीत असून ऑस्ट्रेलियात हे रुजलं का नाही, याचं उत्तर तीन तारखांत आहे. ७ ऑक्टोबर २०१६ ला फोर्डने, ३ ऑक्टोबर २०१७ ला टोयोटाने आणि २० ऑक्टोबर २०१७ ला होल्डनने तिथलं मोटार उत्पादन बंद केलं. एमक्यूएल जगात वाढली ती मोटारींच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या लाईनवर. एकच ॲल्युमिनियमचा भाग, तीच भोकं, वर्षाला लाखो नग. तिथे एका भोकासाठी तेलाचं प्रमाण, हवेचा दाब आणि ड्रिलचा आकार ठरवण्यात तीन महिने घातले तरी ते वसूल होतात. ऑस्ट्रेलियात हे तंत्र परिपक्व होत असतानाच ते शिकण्याची जागा बंद पडली. उरल्या त्या जॉबिंग शेड: आज खाणीच्या पंपाचे पाच शाफ्ट, उद्या वैद्यकीय उपकरणाचे चाळीस भाग, परवा शेतीच्या अवजाराची दुरुस्ती. रोज नवा धातू, नवा आकार. अशा माणसाला पूर आवडतो, कारण पूर सगळ्या चुका सांभाळून घेतो.

म्हणून शेडमालकाला उपदेश करण्यात अर्थ नाही. प्रयोगाचा धोका त्याने एकट्याने का घ्यावा? टूल बनवणारे देशात आहेत. मेलबर्नच्या थॉमसटाउनमधली सटन टूल्स १९१७ पासून ड्रिल आणि टॅप करते आहे, आणि १९७४ साली सुरू झालेली आन्का टूल घासणारी सीएनसी मशीनं जगभर विकते. म्हणजे पोटात भोक असलेलं, हव्या त्या फ्लूटचं ड्रिल घासून देण्याची अक्कल आणि यंत्रं तासाभराच्या अंतरावर आहेत. विद्यापीठांकडे मोजमापं आहेत. तेलही दूरचं नाही: कॅनोला हे ऑस्ट्रेलियाचं सर्वांत मोठं गळिताचं पीक आहे. नुसतं कॅनोला तेल हवेने चिकट होऊन नोझल बुजवतं हे खरं, पण वनस्पती तेलांपासून केलेली एस्टरं एमक्यूएलसाठी खनिज तेलापेक्षा सरस ठरतात, कारण त्यांचे रेणू धातूला धरून राहतात आणि मातीत ते लवकर कुजतात. वेल्लोरच्या अँथनी झेवियर आणि आदितन यांनी २००९ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या टर्निंगमध्ये साधं खोबरेल वापरून टूलची झीज कमी झाल्याचं दाखवलं होतं. कमी आहे ती या सगळ्यांना एका बाकावर आणणाऱ्या जागेची. ती जागा तंत्रशिक्षण देणारी सरकारी टेफ संस्था व्हायला हवी, जिथे शिकाऊ फिटर-मशिनिस्ट चार वर्षं घडतो. शेडमालकाने आपला जॉब तिथे घेऊन जावा, नासलेला माल संस्थेच्या खात्यात जावा आणि जमलेलं प्रमाण त्याला लिहून मिळावं.

शिकाऊ पोराचाही त्यात मोठा फायदा आहे. पांढऱ्या पुराखाली त्याला काहीच दिसत नाही; स्क्रीनवरचा आकडा तेवढा दिसतो. पूर बंद केला की चिप दिसते. पोलादाची चिप आधी चंदेरी, मग गवतासारखी पिवळी, मग जांभळी, मग निळी होते, आणि त्या रंगावरून धारेवर काय चाललंय ते कळतं. टूल बोथट झालं की आवाज बदलतो. हे डोळा-कानाचं ज्ञान जुन्या टर्नरकडे होतं आणि कूलंटच्या धबधब्यात ते बुडत गेलं. एमक्यूएलला तेल कमी लागतं, पण माणूस जास्त जाणता लागतो, आणि तिच्या बाजूने याहून मोठा मुद्दा नाही.

पुणे-कोल्हापूरकडच्या वाचकाला यात आपलंच चित्र दिसेल, फरक एवढाच की चाकणच्या आसपास मोटारींच्या लाईन अजून धावताहेत. ऑस्ट्रेलियाने गमावलेली शिकण्याची जागा आपल्याकडे शाबूत आहे. ती वापरायला हवी. ज्याची शेड आहे, मग ती डँडेनाँगला असो की भोसरीला, त्याने टायटॅनियमला हात न लावता सुरुवात करावी. बंद दाराचं एक मशीन, धुकं ओढणारा पंखा आणि महिनोन्‌महिने परत परत येणारा ॲल्युमिनियमचा किंवा बिडाचा एकच जॉब घ्यावा. आधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना चार गोष्टी वहीत लिहाव्यात: इन्सर्ट किती गेले, वीज किती लागली, टँकरला किती पैसे दिले आणि एका नगाला किती मिनिटं लागली. पहिल्या तिन्हींत बचत दिसली आणि मिनिटं वाढली नाहीत, तर दुसरं मशीन घ्यावं. मिनिटं वाढली, तर त्या जॉबवर पुन्हा कूलंट सुरू करायला लाजू नये.